गरम झालं की बंद पडणारं जुनं आऊटबोर्ड: सीडीआय बदलण्याआधी

देवबागच्या एका होडीवाल्यांनी विचारलंय. त्यांच्याकडे १५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजीन आहे, वीस-बावीस वर्षांचं. पावसाळाभर घरी झाकून ठेवलेलं होतं. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरवलं, आणि तेव्हापासून एकच त्रास. सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला चालू होतं, वीसेक मिनिटं छान पळतं, मग मिस मारायला लागतं आणि बंद पडतं. त्यानंतर हात दुखेपर्यंत दोरी ओढली तरी दाद देत नाही. अर्धा तास गेला की पुन्हा पहिल्यासारखं चालू. प्लग नवे टाकून झाले, कार्बोरेटर साफ करून झाला. आता मेकॅनिक म्हणतो, सीडीआय (वीज साठवून ठिणगीसाठी सोडणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स) गेला, नवा आणा. आणू का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझं उत्तर: अजून आणू नका. मालवणात मी अठ्ठावीस वर्षं हीच इंजिनं उघडतोय आणि "गरम झाला की बंद पडता" हे वाक्य दर हंगामात ऐकतो. सीडीआय कधीकधी जातो, हे खरं. पण त्याच्यावर शिक्का मारण्याआधी ज्या चार-पाच गोष्टी बघायला हव्यात, त्या जवळजवळ फुकट होतात. सीडीआय हजारांत येतो आणि विजेचा पार्ट एकदा घेतला की दुकानदार परत घेत नाही.

तुमच्या वर्णनात मला अडकवणारी गोष्ट वेगळीच आहे. बंद पडताना करंट (ठिणगीची वीज) जातो की पेट्रोल, हेच अजून कुणी बघितलेलं नाही. इंजीन समुद्रात बंद पडतं आणि मेकॅनिककडे पोहोचेपर्यंत थंड होतं. तो प्लग काढून दोरी ओढतो, ठिणगी दिसते, मग अंदाज सुरू होतात. हा दोष गरम असतानाच पकडावा लागतो. थंड इंजिनावर दिवसभर बसलात तरी हाती काही लागणार नाही.

आधी पेट्रोलचा संशय मिटवू, कारण लक्षण हुबेहूब तसंच असतं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला किंवा मिठाने चोंदला, तर पेट्रोल जसं खेचलं जातं तसा टाकीत ओढा तयार होतो. पंधरा-वीस मिनिटांत पेट्रोल यायचं थांबतं. थोडा वेळ थांबलात की हवा हळूहळू आत जाते आणि इंजीन पुन्हा चालू. गरम-थंडचा काही संबंध नसतानाही तसंच वाटतं. म्हणून पुढच्या वेळी बंद पडलं की पहिलं काम, नळीवरचा रबरी बल्ब हाताने दाबून बघा. बल्ब चपटा, आत ओढलेला लागला, किंवा टाकीचं झाकण सैल करताना हवा आत शिरल्याचा आवाज आला, तर दोष तिथेच आहे. बल्ब भरलेला, कडक असेल आणि तरी इंजीन दाद देत नसेल, तर पेट्रोलवरचा संशय बराच कमी होतो.

दुसरं, पाण्याची पिचकारी. मागून येणारी धार कमकुवत असेल किंवा हाताला चटका देत असेल, तर इंपेलर (थंड करणारं पाणी खेचणारं रबरी चक्र) थकलाय किंवा वाट मिठाने-रेतीने बुजलीय. मग इंजीन खरोखरच प्रमाणाबाहेर तापतंय, आणि अशा वेळी इग्निशनमध्ये वेळ घालवत बसलात तर पिस्टन धरेल, म्हणजे आत जाम होईल. बंद पडल्यावर दोरी नेहमीपेक्षा जड लागली, तर तिथेच थांबा, पुन्हा चालू करायचा प्रयत्न करू नका. उलट दोरी अगदीच हलकी लागली तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. गरम झाल्यावर कॉम्प्रेशन पडणारं इंजीन कितीही चांगल्या ठिणगीने चालू होणार नाही.

आता करंट. ही तपासणी कर्ली खाडीच्या मुखावर करायची नाही. देवबागच्या संगमापाशी पाणी कसं फुटतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. इंजीन काढून घरी आणा. दोनशे लिटरच्या पिंपात उभं करा, पंखा काढून ठेवा, पाणी गिअरकेसवरच्या आडव्या पट्टीच्याही वर राहील इतकं भरा आणि पिंपात नळ सोडून ठेवा म्हणजे ते पाणी उकळणार नाही. जागा उघडी हवी, धूर साचता कामा नये. आणि वरचं झाकण लावूनच चालवा. बरेच जण इथे चुकतात. झाकण काढून चालवलं की वाऱ्याने विजेची कॉइल थंड राहते आणि समुद्रात वीस मिनिटांत मरणारं इंजीन पिंपात तासभर चालतं. मग सगळे म्हणतात, बरं झालं की.

प्लग आणि त्याच्या कॅपच्या मध्ये बसणारा दिव्याचा टेस्टर मिळतो. असे दोन घ्या आणि दोन्ही प्लगना लावून ठेवा. चालू इंजिनाची कॅप हाताने ओढून "करंट मारतो का" बघायची सवय मात्र सोडा. या वायरीत हजारो व्होल्ट असतात, झटका जबर बसतो, आणि करंटला जायला वाट न मिळाल्याने कॉइल किंवा सीडीआय आतून फुटू शकतो. पूर्वीच्या पॉइंटवाल्या (उघडझाप करणाऱ्या यांत्रिक स्विचच्या) मशीनवर लोकांनी हे खूप केलं, पण सीडीआयवर ते महागात पडतं.

इंजीन मिस मारू लागलं की झाकण उचलून, हात लांब ठेवून दिवे बघा. शेवटच्या क्षणापर्यंत दोन्ही नेमाने लुकलुकत राहिले आणि तरी इंजीन मेलं, तर बहुतेक पेट्रोलकडे वळायला हवं. बहुतेक म्हणतो, कारण दिवा करंट आहे एवढंच सांगतो, त्यात किती जोर आहे ते सांगत नाही. जोर बघायला फट कमीजास्त करता येणारा टेस्टर लागतो. पेट्रोलची नळी सोडवा, दोन्ही कॅप टेस्टरला जोडा, टेस्टरची क्लिप इंजिनाच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर लावा आणि साधारण ७ ते ८ मिलिमीटर फट ठेवून दोरी ओढा. ठिणगी निळी हवी आणि टक् असा कोरडा आवाज यायला हवा. बारीक, पिवळसर, मध्येच चुकणारी असेल तर ती नापास.

नुसता प्लग बाहेर काढून हेडला टेकवला आणि ठिणगी दिसली, तर समाधान मानू नका. उघड्या हवेत एक मिलिमीटर फट ओलांडायला थोडेच व्होल्ट लागतात. सिलिंडरच्या आत, दाबलेल्या मिश्रणातून तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. त्यात प्लग काढल्यावर दोरी हलकी होते, फ्लायव्हील (इंजिनावरचं जड चाक) जोरात फिरतं, म्हणून करंट खऱ्यापेक्षा बरा दिसतो. शिवाय उघड्या प्लगच्या भोकासमोर पेट्रोलची वाफ असते. तिथे ठिणगी पाडायचीच नाही.

समजा, दिवे गेले. कसे गेले, हे फार महत्त्वाचं आहे. फ्लायव्हीलमधली चुंबकं चार्ज कॉइलसमोरून फिरतात आणि तिच्यात वीज तयार होते. ती वीज सीडीआयमधल्या कॅपॅसिटरमध्ये साठते. पल्सर कॉइल "आता" असा इशारा देते, आणि साठलेली वीज एका झटक्यात इग्निशन कॉइलमध्ये जाऊन प्लगपर्यंत पोहोचते. थांबवायचं बटण याच साठ्याला इंजिनाच्या अंगाला टेकवून रिकामं करतं. त्यामुळे दोन्ही दिवे एकदम गेले तर दोष दोघांच्या सामाईक भागात: बटणाची वायर, चार्ज कॉइल, पल्सर, सीडीआय, अर्थिंग. एकच गेला तर त्या सिलिंडरचा प्लग, कॅप, वायर किंवा त्याची कॉइल. मात्र काही छोट्या इंजिनांत एकाच कॉइलच्या दोन टोकांनी दोन्ही प्लगना करंट जातो. तिथे एका कॅपमधला दोष दुसऱ्यालाही लंगडं करतो. तुमच्या इंजिनात कॉइल एक आहे की दोन, ते आधी बघा. दोन वेगळ्या असतील तर अदलाबदल करून बघणं सगळ्यात स्वस्त: दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर कॉइल वाईट.

तुमच्या वर्णनावरून मला सामाईक भागावर संशय आहे, आणि त्यात पहिला नंबर मी बटणाच्या वायरीला देतो. काही वर्षांपूर्वी आचऱ्याहून एक इंजीन माझ्याकडे आलं होतं. त्यावर दोन वेळा सीडीआय बदलून झाला होता, एकदा इग्निशन कॉइलसुद्धा. नवरा-बायको दोघं मिळून होडी चालवायचे आणि त्या दोन बॉक्सपायी त्यांनी उधारी करून ठेवली होती. मी पिंपात लावलं, पंचवीस मिनिटांनी मेलं. बटणाची वायर सोडवली आणि दोरी ओढली, तर पहिल्याच झटक्याला चालू. मग त्या वायरीवरून इंचाइंचाने बोट फिरवत गेलो. हँडलकडून इंजिनात शिरताना ती एका क्लॅम्पखालून जात होती. तिथे वरचं रबर तांदळाच्या दाण्याएवढं झिजलेलं, आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. थंड असताना वायर ताठ राहायची आणि क्लॅम्पला टेकायची नाही. गरम झाली की रबर मऊ, वायर खाली बसली, तार क्लॅम्पला टेकली, आणि कुणी बटण न दाबता इंजीन बंद. त्या दाण्याएवढ्या जागेने त्या घराचे दोन बॉक्सचे पैसे घेतले. म्हणून मी इतका जोर देऊन सांगतोय.

तुम्हीही हेच करा. यामाहाच्या जुन्या इंजिनांत थांबवायची वायर पांढरी आणि अर्थची काळी असते, इतर कंपन्यांचे रंग वेगळे, म्हणून आपल्या इंजिनाचा वायरिंगचा नकाशा बघून घ्या. गरम होऊन मेलं की ती वायर सीडीआयपासून सोडवा आणि दोरी ओढा. चालू झालं तर दोष बटणात, मनगटाला बांधायच्या लाल दोरीच्या क्लिपमध्ये किंवा वायरीत. एक सूचना पाळाच: ही वायर सुटली की बटणही चालत नाही आणि मनगटाची सुरक्षा दोरीही चालत नाही. इंजीन न्यूट्रलमध्येच हवं आणि बंद करायला चॉक ओढावा लागेल. अशा अवस्थेत होडी पाण्यात नेऊ नका, एका फेरीसाठीसुद्धा नाही. मग मीटर घ्या. सुटलेली बटणाकडची वायर आणि इंजिनाचं अंग यांच्यात, क्लिप जागेवर असताना, जोड अजिबात दिसता कामा नये. बटण दाबलं की आकडा शून्याजवळ यायला हवा. वायर हलवताना आकडा नाचला, की जागा सापडली.

बटण आणि त्याची वायर निर्दोष निघाली तर जोडांकडे वळा. खाऱ्या हवेत एक पावसाळा म्हणजे जोडांसाठी मोठा काळ. प्रत्येक कनेक्टर उघडा, हिरवं-पांढरं दिसलं तर साफ करा. इंजिनाच्या अंगाला बसलेला काळ्या वायरींचा बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करा, घट्ट आवळा, वरून सिलिकॉन ग्रीस लावा. प्लगच्या कॅप फिरवून काढा. बऱ्याच कॅपमध्ये आत एक पितळी स्क्रू असतो जो वायरीच्या मध्यात शिरतो. तिथे हिरवी भुकटी दिसली तर वायरीचं टोक पाच-सहा मिलिमीटर कापा, लांबी पुरत असेल तरच, आणि कॅप पुन्हा फिरवून बसवा. काही कॅपमध्ये रेझिस्टर असतो, साधारण ५ किलोओहमचा. मीटरवर अनंत दाखवलं तर कॅप मेली. रात्री अंधारात थोडा वेळ झाकण काढून चालवून बघा. वायरीला तडा असेल तर तिथून निळी रेघ इंजिनाच्या अंगावर उतरताना दिसते. हे मात्र लांबून, हात मागे ठेवून.

प्लग नवे टाकलेत, पण कुठले? १५ हॉर्सपॉवरच्या अनेक इंजिनांत एनजीकेचा बी७एचएस-१० लागतो. त्यातला ७ म्हणजे प्लग किती तापतो त्याचा अंक, एनजीकेमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. शेवटचा १० म्हणजे फट १ मिलिमीटर. अंक चुकला तर इंजीन तापल्यावर वेगळंच वागतं. पुस्तिकेत जो लिहिलाय तोच घ्या, आणि माहितीच्या दुकानातून घ्या, कारण नकली प्लग भरपूर फिरतात.

एवढं होऊनही दोन्ही दिवे गरम झाल्यावर जातच असतील, तर माझा पुढचा संशय चार्ज कॉइलवर. ती फ्लायव्हीलच्या पोटात, इंजिनाच्या डोक्यावर बसलेली, सगळ्यात जास्त तापणारी. आत केसासारखी बारीक तार भरपूर वेढे गुंडाळलेली. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन कुठेतरी तार तुटते, पण दोन टोकं टेकलेलीच राहतात. थंड असताना काम चालतं, गरम झाल्यावर फुगून टोकं वेगळी होतात. थंड झालं की पुन्हा टेकतात. तुमचं लक्षण याच्याशी तंतोतंत जुळतं.

हे तपासायला फ्लायव्हील काढायची गरज नाही. कॉइलच्या वायरी सीडीआयपर्यंत येतात, तिथला कनेक्टर सोडवून मीटर लावा. आधी थंड असताना चार्ज कॉइल आणि पल्सर दोन्हींचे आकडे घ्या, मग इंजीन मेल्यावर लगेच पुन्हा. किती ओहम हवेत ते मॉडेलवर अवलंबून आहे, इथे मी एक आकडा दिला तर तुमची दिशाभूल होईल. पण दोन आकड्यांमधला फरक बघायला पुस्तिका लागत नाही. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. म्हणजे ५० अंशांनी तापलं तर पाचव्या हिश्शाने वाढणं स्वाभाविक आहे, त्याला घाबरू नका. आकडा दुप्पट झाला, नाचू लागला किंवा मीटरने अनंत दाखवलं, तर कॉइल गेली. इग्निशन कॉइल सुटी काढून तिच्यावर केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा सोडत मीटर बघत बसा, तुटकी तार असेल तर आकडा डोळ्यांदेखत उडतो.

सीडीआय बॉक्स मात्र असा साध्या मीटरने तपासता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्याला येणारे आणि जाणारे झटके इतक्या कमी वेळाचे असतात की साध्या मीटरला ते कळतच नाहीत, त्यासाठी पीक व्होल्टेजचा (झटक्यातलं सर्वात जास्त व्होल्टेज पकडणारा) अॅडॅप्टर लागतो. ज्याच्याकडे तो आहे त्याने गरम इंजिनावर चार्ज कॉइलमधून पूर्ण व्होल्ट येताहेत आणि बॉक्समधून पुढे जात नाहीत असं दाखवलं, तर निमूटपणे नवा बॉक्स घ्या. नाहीतर ओळखीच्या माणसाकडून त्याच मॉडेलचा चालता बॉक्स एका दिवसापुरता मागून लावून बघा. किनाऱ्यावर अशी देवघेव होते, आणि ती करायला लाजू नका.

ज्यांची इंजिनं याहून जुनी, पॉइंट-कंडेन्सरवाली आहेत, त्यांच्यासाठी थोडं. त्यांत फ्लायव्हीलच्या खिडकीतून पॉइंट दिसतात. गरम झाल्यावर मरण्याचं तिथलं सगळ्यात नेहमीचं कारण कंडेन्सर. पॉइंटचे तोंड निळंकाळं, खड्डे पडलेलं दिसलं की कंडेन्सर बदला. फट फीलर गेजनेच (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) लावा, अनेक जपानी इंजिनांत ती ०.३५ मिलिमीटर असते. अंदाजाने लावलेली फट टायमिंग हलवते.

आणि कुणाचंही इंजीन करंट असूनही कार्बोरेटरमधून फटाके मारत असेल, दोरी उलटी झटकत असेल, तर फ्लायव्हीलखालची, त्याला जागेवर धरणारी अर्धचंद्राची चावी कातरलीय का बघा. फ्लायव्हील काढायला पुलर वापरा. क्रँकच्या डोक्यावर हातोडा मारून काढलेली फ्लायव्हीलं मी पाहिलीत, त्यात चुंबकं सुटतात आणि शाफ्ट वाकतो, मग इंजीन वाचवणं कठीण होतं.

तुम्ही हे सगळं एका रविवारी उरकू शकाल. पिंप, दोन दिवे, एक मीटर आणि सोबतीला एक माणूस. तोवर होडी बाहेर काढलीतच तर खाडीच्या आतच रहा, दोन वल्ही आणि नांगर हाताशी ठेवा. आणि मीटरवर येणारा प्रत्येक आकडा, थंडचा आणि गरमचा, तारखेसकट इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. आचऱ्याच्या त्या इंजिनाच्या झाकणात माझ्या हातचे आकडे अजून आहेत. दर वर्षी पावसाळ्याआधी ते घेऊन येतात, आम्ही नवे आकडे त्यांच्याखाली लिहितो आणि जुन्यांशी ताडून बघतो.